उंबरठ्यापलीकडचे औषध



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांची सारी हयात तालुक्याच्या दवाखान्यात गेली. त्यांच्या उमेदीच्या काळात बाह्यरुग्णांच्या नोंदवहीत 'ताप' या एकाच शब्दाखाली ओळीमागून ओळ भरत असे, पावसाळा ओसरू लागला की ती वही फुगत जाई, आणि कोयनेलच्या कडू मिश्रणाची बाटली घेऊन कुडकुडत बसलेली माणसे दवाखान्याच्या ओसरीवर मावत नसत. मग एका वर्षी हाती पंप घेतलेली माणसे गावोगाव आली, घरांच्या भिंतींवर पांढरे पाणी मारून गेली, आणि दोनतीन पावसाळ्यांत तीच नोंदवही ओळखू येऊ नये इतकी रोडावली. मी स्वतः सार्वजनिक आरोग्य खात्याच्या हिवताप विभागात तीस वर्षांहून अधिक काळ चाकरी केलेला मनुष्य आहे. त्या पांढऱ्या पाण्याचा उत्कर्षकाळ मला वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळाला आणि त्याचा उतरता काळ मी डोळ्यांनी पाहिला. म्हणून सार्वजनिक आरोग्यातील कीटकनाशक रसायनांचा इतिहास हा विषय मी आज आपल्यापुढे मांडण्यासाठी निवडला आहे.

हा इतिहास बहुधा प्रयोगशाळेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक शास्त्रज्ञाने अमुक साली अमुक रेणू शोधला, त्याने अमुक कीटक मेला, पुढे त्या कीटकात प्रतिकारशक्ती उत्पन्न झाली व दुसरा रेणू शोधावा लागला, अशी ती मालिका असते. ती खरी आहे, परंतु अपुरी आहे. शेतातले औषध पिकावर पडते, पण सार्वजनिक आरोग्यातले औषध माणसाच्या राहत्या घरात, त्याच्या देव्हाऱ्याच्या, चुलीच्या आणि पाळण्याच्या भिंतीवर पडते, आणि तिथवर पोहोचण्यासाठी सरकारच्या माणसाला त्या घराचा उंबरठा ओलांडावा लागतो. तो उंबरठा कोणत्या ज्ञानाने आणि कोणत्या रीतीने ओलांडला गेला, यावरच प्रत्येक रसायनाचे यशापयश ठरत आले, असे माझे इतक्या वर्षांच्या अनुभवाअंती झालेले मत आहे.

आरंभ आपल्याच प्रांतापासून करू. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. पाहता पाहता रोग शहरभर पसरला, हजारो लोक मुंबई सोडून निघाले, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा मंजूर होऊन घरझडतीचे, सक्तीने दवाखान्यात नेण्याचे व मालमत्ता नष्ट करण्याचे अधिकार अंमलदारांच्या हाती आले. त्या वेळच्या शास्त्राला प्लेगचा जंतू ठाऊक झाला होता, परंतु तो माणसापर्यंत कसा येतो हे ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा, ओल आणि दूषित जमीन यांत तो वास करतो अशी समजूत होती. साहजिकच कार्बोलिक ॲसिडचे आणि पाऱ्याच्या विषारी क्षाराचे द्रावण पंपांनी गटारांत, जमिनींवर आणि भिंतींवर मारण्यात आले, चुन्याच्या सफेदीचे हात देण्यात आले, उजेड यावा म्हणून छपरांची कौले उतरवण्यात आली, रोग्यांचे कपडे व अंथरूण-पांघरूण जाळण्यात आले, आणि मुंबईत रोगाची बाधा झालेल्या घरांच्या दारांवर लाल वर्तुळे व तारखा उमटल्या. घराघरात शिरून सरकारने रसायने वापरण्याचा हा आपल्याकडील पहिला मोठा प्रसंग होय.

पुण्यात त्याचे पर्यवसान काय झाले हे महाराष्ट्राला निराळे सांगण्याची गरज नाही. प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्या अमदानीत गोरे शिपाई घरोघर झडतीसाठी शिरले, माजघरापर्यंत गेले, स्त्रियांच्या मर्यादेची व देवघराच्या पावित्र्याची बूज राहिली नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यापाठोपाठ त्या प्रकरणी चापेकर बंधूंना फाशी झाली व लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. या गदारोळात एक गोष्ट विसरली जाते. त्याच वर्षीच्या १० मार्चला सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने वारल्या, आणि त्या रोग्यांची शुश्रूषा करताना वारल्या. रोग्याच्या दारी जाण्याच्या दोन रीती एकाच शहराने एकाच वर्षी पाहिल्या होत्या. पहिलीने द्वेष मागे ठेवला आणि दुसरीचे स्मरण लोक आजही आदराने करतात.

आणि शास्त्राचा न्याय किती कठोर असतो पाहा. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने त्या वेळी मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेगचे वाहन उंदराच्या अंगावरील पिसू आहे. त्याच्यावर बरीच वर्षे कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या वास्तूत, प्लेग संशोधन मंडळाने केलेल्या शिस्तबद्ध प्रयोगांनी ते निर्विवाद सिद्ध झाले. म्हणजे ज्या द्रावणासाठी पुण्याचे उंबरठे बळाने ओलांडले गेले, त्या द्रावणाचा रोख भिंतीतल्या व जमिनीतल्या जंतूवर होता, आणि रोग तर उंदराच्या पाठीवर बसून शेजारच्या घरी जात होता. औषधाचा नेम चुकला होता आणि दारातून आत जाण्याची रीतही चुकली होती.

रँडवरील हल्ल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसली. कीटक हा नुसता उपद्रव नसून रोगाचा वाहक आहे, हे ज्ञान एकाच दशकात पिसू आणि डास या दोन्ही वाटांनी आले, आणि तेव्हापासून सार्वजनिक आरोग्याच्या रसायनांना निश्चित लक्ष्य मिळाले. आधी लक्ष गेले ते डासाच्या अळीकडे. साचलेल्या पाण्यावर रॉकेल वा जड तेलाचा तवंग पसरला की अळीचा श्वास कोंडतो. १९२१ च्या सुमारास पॅरिस ग्रीन या आर्सेनिकयुक्त हिरव्या पुडीचा उपयोग सुरू झाला. ती धुळीत मिसळून पाण्यावर उधळली की पृष्ठभागावर चरणारी ॲनॉफेलिसची अळी ती खाऊन मरते.

मुंबई शहराने या काळात जो धडा घेतला तो मोलाचा आहे. बेंटली या अधिकाऱ्याने १९११ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले की मुंबईचा हिवताप दलदलीतून नव्हे, तर वाड्यावाड्यांतील विहिरींतून व पाण्याच्या टाक्यांतून येतो, कारण ॲनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास स्वच्छ, स्थिर, मानवनिर्मित पाणी पसंत करतो. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा हुकूम महानगरपालिकेने काढताच हिंदू व पारशी समाजांतून हरकती आल्या. विहीर ही कित्येकांच्या उपासनेचा भाग होती, आणि धर्मकृत्यांना नळाचे पाणी चालणार नाही असा त्यांचा आग्रह होता. या वेळी मात्र शिपाई धाडले गेले नाहीत. अर्ज ऐकले गेले, वाद झाले, काही विहिरींना बारीक जाळीची झाकणे बसवण्याची मुभा मिळाली, आणि शेकडो विहिरी हळूहळू झाकल्या अथवा बुजवल्या गेल्या. टाकीला डास शिरणार नाही असे झाकण आणि तपासनिसाला वर चढण्यासाठी शिडी हवी, हा मुंबईचा दंडक त्या काळापासूनचा आहे. रसायनापेक्षा कायदा, कायद्यापेक्षा तपासणी आणि तपासणीपेक्षा समजूत अधिक टिकते, हे मुंबईने तेव्हाच शिकून घेतले होते.

खेडेगावात मात्र हा उपाय चालण्यासारखा नव्हता. भातखाचरे, ओहोळ, पाट, झरे, गुरांच्या खुरांनी पडलेले खळगे, इतक्या पाण्यावर तेल कोण ओतणार? म्हणून अळीऐवजी घरात शिरलेल्या प्रौढ डासावर घाव घालण्याची कल्पना पुढे आली. शेवंतीच्या कुळातील एका फुलाच्या पुडीपासून मिळणारे पायरेथ्रम हे द्रव्य घरात फवारले की डास तत्काळ पडतो, हे १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत व नंतर हिंदुस्थानातही सिद्ध झाले. पण त्याचा अंमल काही तासांपुरताच असल्यामुळे फवारणी आठवड्या-आठवड्याला करावी लागे, आणि दरिद्री देशाला तो खर्च झेपणारा नव्हता.

या अडचणीवर उत्तर म्हणून जे द्रव्य आले त्याचे नाव डीडीटी. ते १८७४ मध्ये ओथमार त्साइडलर या विद्यार्थ्याने स्ट्रासबुर्ग येथे प्रथम तयार केले होते, परंतु त्याचा गुण कोणी ओळखला नाही आणि पासष्ट वर्षे ते कागदातच राहिले. १९३९ मध्ये बाझेल येथील गायगी कंपनीत काम करणाऱ्या पॉल म्यूलर यांना आढळले की हे द्रव्य ज्या पृष्ठभागावर बसते तेथे कित्येक आठवडे, नव्हे महिने, त्याला स्पर्श करणारा कीटक मरतो. युद्धाच्या धामधुमीत, १९४३-४४ च्या हिवाळ्यात, नेपल्स शहरात उवांमुळे पसरणारा टायफस ज्वर उसळला असता दहा लाखांहून अधिक माणसांच्या अंगावर, कपड्यांत, केसांत ही पूड उडवण्यात आली आणि भर थंडीत साथ आटोक्यात आली. थंडीतला टायफस अशा रीतीने थांबल्याचे तोवर ऐकिवात नव्हते. १९४८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक म्यूलर यांना मिळाले, ते वैद्य नसताना मिळाले.

आता भिंतीचे गणित ध्यानात घ्या, कारण या साऱ्या इतिहासाचा कणा तेच आहे. हिवतापाची मादी रात्री रक्त प्याल्यावर जड होते, तिला दूर उडवत नाही, आणि ती जवळच्या भिंतीवर विसावते. दर दोनतीन दिवसांनी तिला पुन्हा रक्त हवे असते, म्हणजे पुन्हा एक विसावा आला. तिच्या पोटातील परजीवीला मात्र पक्व होऊन दंशातून बाहेर पडण्यास उष्ण हवेतही दहाबारा दिवस लागतात. तेवढ्या अवधीत ती किमान चार वेळा भिंतीवर बसते. प्रत्येक विसाव्याला निम्म्या माद्या जरी मेल्या, तरी शंभरातील सहाच रोग पोहोचवण्याइतक्या जगतात. डास समूळ नाहीसा करण्याची यात गरज नाही, फक्त त्याला म्हातारा होऊ द्यायचा नाही. दर चौरस मीटरला एक ग्रॅम एवढ्या थोड्या रसायनाने हे साधत होते, पण भिंत मात्र प्रत्येक घराची हवी होती.

ही गोष्ट आपल्या देशाच्या खेड्यांत प्रथम मोठ्या प्रमाणावर करून दाखवण्याचे श्रेय मुंबई प्रांताच्या हिवताप संघटनेला आणि तिचे प्रमुख डॉ. धर्मवधानी कृष्णय्यर विश्वनाथन यांना आहे. महायुद्ध संपता संपता त्यांनी व त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी त्या वेळी मुंबई प्रांतात असलेल्या कारवार व धारवाड या जिल्ह्यांत घरांच्या आतील भिंतींवर डीडीटीची फवारणी सुरू केली, आणि पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. सह्याद्रीच्या उतारावरील त्या मुलखात ॲनॉफेलिस फ्लुव्हिएटिलिस हा डास निर्मळ ओहोळांत वाढतो. हिवतापाने तेथील शेते पडीक पडली होती, मुलांच्या पोटात प्लीहेच्या गाठी होत्या आणि बाहेरचा माणूस वस्तीला राहण्यास धजत नव्हता. फवारणीनंतर लहान मुलांच्या रक्तातील परजीवी आणि वाढलेल्या प्लीहा झपाट्याने कमी झाल्या. कुठलेही मोठे रुग्णालय बांधल्याविना, एका पंपाने आणि शिकवलेल्या मजुरांच्या तुकडीने, एक सबंध जिल्हा उठून बसला.

श्रोतेहो, हेच ते दृश्य आहे जे पन्नास वर्षांपूर्वी पुण्यात दिसले होते. सरकारचा माणूस पंप घेऊन दारात उभा आहे आणि घराच्या भिंतीवर विषारी द्रव्य मारू पाहत आहे. फरक असा की या वेळी फवारणारा त्याच तालुक्यातला, तिथलीच भाषा बोलणारा होता. तो आधी दवंडी देऊन येई, भांडी, धान्य व पाळणा बाहेर काढायला हात लावी, आणि काम झाल्यावर दाराच्या चौकटीजवळ फवारणीची तारीख लिहून जाई. १८९७ चे लाल वर्तुळ मृत्यूची खूण होते आणि ही तारीख रक्षणाची खूण होती. शिवाय लोकांना त्याच संध्याकाळी दिसणारा लाभ होता, खाटेतले ढेकूण मेलेले दिसत. हिवताप कमी झाल्याचे सरकारी आकडे वर्षाने येणार होते, परंतु ढेकणांविना झोपलेल्या पहिल्या रात्रीने सरकारला ती दारे उघडून दिली.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा त्या वेळचा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये डीडीटी देशातच बनवण्यासाठी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि जागतिक आरोग्य परिषदेने १९५५ मध्ये निर्मूलनाचा संकल्प केल्यानंतर १९५८ मध्ये भारताच्या कार्यक्रमाच्या नावातील 'नियंत्रण' जाऊन तेथे 'निर्मूलन' आले. १९६१ मध्ये देशभरात नोंदलेल्या रुग्णांचा आकडा एक लाखाच्याही खाली, पन्नास हजारांच्या आसपास आला, आणि १९६५ मध्ये हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. याच फवारणीने, कोणी मुद्दाम योजले नसताना, बिहारातील काळा आजार पसरवणारी वाळूमाशीही दबली, आणि पिसवांवर झालेल्या परिणामाने प्लेगही मागे हटला असे अनेक जाणकार मानतात. विसाव्या शतकात आपल्या देशात इतक्या थोड्या खर्चात इतके जीव वाचवणारे दुसरे सरकारी काम मला तरी दाखवता येणार नाही, आणि डीडीटीवर पुढे जे दोष मी सांगणार आहे ते सांगताना ही कृतज्ञता मी सोडणार नाही.

परंतु 'निर्मूलन' या शब्दानेच आपला घात केला. नियंत्रण म्हटले की काम नित्याचे असते. निर्मूलन म्हटले की ते कधीतरी संपते, आणि संपत आलेल्या कामाचे पैसे, माणसे व वाहने दुसरीकडे वळवण्याची घाई होते. अनेक जिल्हे फवारणीच्या अवस्थेतून वेळेआधीच काढून घेतले गेले, आणि त्या जागी रोज घरोघर फिरून तापाच्या रोग्याचे रक्त घेणारी जी पक्की आरोग्ययंत्रणा उभी राहायला हवी होती ती राहिलीच नव्हती. साठच्या दशकात रसायनाचा पुरवठा अनियमित झाला, शहरांतील हिवताप योजनेबाहेर राहिला, आणि १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. श्रीलंकेची कथाही अशीच आहे. १९६३ मध्ये तेथे अवघे सतरा रुग्ण उरले होते, फवारणी थांबली, आणि १९६८-६९ मध्ये लाखो लोक पुन्हा तापाने फणफणले. बिहारात १९७७ च्या सुमारास काळा आजार मोठ्या साथीच्या रूपाने परतला.

दुसरा घात कीटकाच्या बाजूने झाला. १९५९ मध्ये, त्या वेळच्या मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात, ग्रामीण हिवतापाचा मुख्य वाहक ॲनॉफेलिस क्युलिसिफेसिस हा डास डीडीटीला दाद देईनासा झाल्याचे आढळले. यात गूढ काही नाही. लाखो डासांत जे मोजके जन्मतः विष पचवू शकतात तेच उरतात, त्यांचीच प्रजा वाढते. डीडीटी आणि त्याच्या जातीची रसायने कापसावर व भाजीपाल्यावर मनमुराद मारली गेली, तेव्हा गावच्या भिंतीवर यायच्या आधीच शिवारातल्या पाण्यात डासांची ही निवड चालू झाली होती. आरोग्यासाठी ग्रॅमने मोजून वापरायचे अस्त्र शेतीने टनांनी वापरून बोथट केले. शेतीत डीडीटी वापरण्यास आपल्याकडे बंदी आली ती १९८९ मध्ये, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

आणि तिसरा घात उंबरठ्यावर झाला. ढेकणांतही प्रतिकारशक्ती आली. डीडीटीने ते मरेनात, उलट चाळवून भेगांतून बाहेर पडत, आणि ज्या ढेकणांमुळे लोकांनी दारे उघडली होती त्यांच्यामुळेच ती मिटू लागली. माझ्या नोकरीच्या आरंभी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी मी तपासणीस गेलो असता, पंधरवड्यापूर्वी फवारलेली घरे दसऱ्यासाठी शेणामातीने नुकतीच पोतारलेली दिसली. औषध तसेच होते, पण त्यावर बोटभर माती बसली होती. मी एका म्हाताऱ्या बाईंना जरा चढ्या आवाजात विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "लेकरा, सणाला देवाच्या पुढं डागाळलेली भिंत कशी ठिवू? तुमी आमाला इचारलं होतं का, कवा येऊ म्हणून?" मला उत्तर सुचले नाही. पुढच्या वर्षी आमच्या तुकडीतला एक फवारणी कामगार फेरीच्या आदल्या दिवशी त्या गावी गेला, बायकांना एकत्र बसवून डास कुठे विसावतो, औषध मातीखाली का निकामी होते हे त्याने समजावले, आणि त्या वर्षी गावातल्या बहुतेक घरांत खालची हातभर भिंतच पोतारली गेली, वरची भिंत व आढे तसेच राहिले. मी पुढे बढत्या मिळवल्या, अहवाल लिहिले, परंतु हिवतापाच्या शास्त्रात मी जे शिकलो त्यातले सर्वांत महत्त्वाचे त्या ओसरीवर शिकलो.

या रसायनांची दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांनी 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात दाखवले की डीडीटी माती, पाणी, मासा आणि पक्षी या साखळीत साठत जाते, आणि बेसुमार वापराने कीटकांत प्रतिकारशक्ती वाढून रोगनियंत्रणही हातचे जाते. त्यांचे हे दुसरे म्हणणे आरोग्यखात्यांनी अधिक मन लावून वाचायला हवे होते. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीचा वापर बंद केला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ते जगभर निर्बंधित केले, पण रोगवाहक कीटकांविरुद्ध वापरण्याची सवलत ठेवली, आणि भारताने ती घेतली. रसायन मारणाऱ्या हातांचाही विचार आपण फार कमी केला. १९७६ मध्ये पाकिस्तानच्या हिवताप कार्यक्रमात सदोष साठवणीमुळे अधिक विषारी बनलेल्या मॅलेथिऑन या कीटकनाशकाने हजारो फवारणी कामगारांना बाधा झाली आणि पाच जण मृत्यू पावले. हातमोज्याविना, तोंडाला उपरणे गुंडाळून, हंगामी रोजंदारीवर काम करणारा फवारणी कामगार या साऱ्या इतिहासाचा खरा शिलेदार आहे, आणि त्याचे नाव कुठल्याही पारितोषिकाच्या यादीत नाही.

प्लेगनेही आपल्याला एकदा परत येऊन आठवण करून दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील लोकांनी घरे सोडली, साठवलेले धान्य तसेच पडून राहिले, उंदीर माजले, आणि पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा ताप दिसला. त्यानंतर लगेच सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची दहशत पसरली. पिसवा मारण्यासाठी पूड उधळली गेली, ते योग्यच होते. परंतु सुरतेचे खरे परिवर्तन घडले ते पुढल्या दोन वर्षांत, महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत, कचरा रोज उचलला जाऊ लागला आणि गटारे वाहती झाली तेव्हा.

आज आपल्यापुढे डेंग्यू आहे. त्याचा वाहक एडिस दिवसा चावतो, पाण्याच्या पिंपात, कुलरमध्ये, गच्चीवरच्या टायरात, फुलदाणीत वाढतो. संध्याकाळी गल्लीतून धूरफवारणीची गाडी गेली की नागरिकांना हायसे वाटते, परंतु त्या धुराने उडता डास तेवढा काही वेळ मरतो, पिंपातली अळी सुखाने वाढते. पिंपात ॲबेट या अळीनाशकाचे चार थेंब टाकायला किंवा हौदात गप्पी मासे सोडायला जी आशाताई, जो आरोग्यसेवक आपल्या दारी येतो, त्याला वातानुकूलित इमारतीचा रखवालदार फाटकावरूनच परत पाठवतो, हे मी शहरात वारंवार पाहिले आहे. गडचिरोलीच्या जंगलात कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी आज मोठे काम करीत आहे, पण तीही माणसाला रोज रात्री लावून तिच्यात झोपावे लागते. रसायन कोणतेही असो, शेवटचे हातभर अंतर माणसानेच चालायचे असते.

म्हणून माझा निष्कर्ष असा आहे. कीटकनाशक रसायनाने समाजाला मुदत मिळते. डीडीटीने आपल्याला सुमारे वीस वर्षांची मुदत दिली होती. त्या मुदतीत गटारे बांधायची होती, पाणीपुरवठा झाकायचा होता, दर पाचदहा गावांमागे कायमचा शिकलेला आरोग्यसेवक ठेवायचा होता, आणि ज्या घरात आपण शिरतो त्या घरातल्या बाईला तिच्या भाषेत कारण सांगायचे होते. मुंबईने विहिरी झाकून जे केले, धारवाडच्या तुकड्यांनी दवंडी देऊन जे केले, ते सर्वत्र व सातत्याने केले असते तर पुढचे आकडे निराळे असते. श्रीलंकेने पुढे तेच केले. रोग्याचा शोध, रक्ततपासणी आणि त्वरित उपचार यांवर तिने चिकाटीने भर दिला, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला हिवतापमुक्त म्हणून जाहीर केले.

आमच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत 'ताप' या शब्दापुढे प्रत्येक रोग्याचे नाव, गाव आणि घर लिहिलेले असे, आणि साथ वाढली की ते संध्याकाळी स्वतः त्या घरी जात. त्यांच्या स्मरणार्थ आज आपण इतके तरी करू. उद्या सकाळी आठवड्याचा कोरडा दिवस पाळू, घरातील पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासू, आणि औषधाची पिशवी खांद्याला लावून आलेला आरोग्यसेवक दारात उभा राहिला तर त्याला आत बोलावून, पाणी देऊन, तो काय करतो आहे ते त्याला विचारू.